पहिली ग्रेलिंग: फ्लोट थोडा अडवून धरा!

नमस्कार मंडळी! मी आत्ता इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये, इल्कलीजवळ व्हार्फ नदीच्या काठावर उभा आहे. नोव्हेंबर आहे, बोटं गारठलीत, पाणी नितळ आहे. ग्रेलिंग ही मासळी धरायला अगदी असाच दिवस लागतो.

इथे ट्राउट माशाचा हंगाम सप्टेंबरअखेर संपतो आणि बरेच जण सामान गुंडाळून ठेवतात. पण ग्रेलिंग अंडी घालते वसंतात, त्यामुळे आत्ता ती चांगली धष्टपुष्ट असते. १४ मार्चपर्यंत तिला धरता येतं. रॉड लायसन्स, म्हणजे गळाने मासे धरायचा परवाना, आणि ज्या क्लबचं पाणी आहे त्याचं डे तिकीट, दोन्ही जवळ हवंच.

आता मुद्द्याचं. पाठीवरच्या शिडासारख्या पंखाकडे सगळे बघतात, तुम्ही तिचं तोंड बघा. लहानसं, आणि खालच्या बाजूला वळलेलं. म्हणजे ती जास्त करून तळाशी खाते. मला हे कळायला दोन रविवार गेले, दोन्ही दिवस रिकाम्या हाताने घरी!

(फ्लोट कॅमेऱ्यासमोर धरून) हा माझा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. तंगुसाला थोडं वजन, १६ नंबरचा, काटा नसलेला गळ, त्यावर दोन अळ्या. मी तो सोडायचो आणि तो झोकात वाहत जायचा. चूक तिथेच होती. वरचं पाणी पळतं, पण तळाचं पाणी गोट्यांना घासत हळू चालतं. फ्लोट वरच्या वेगाने गेला की अळ्याही ओढल्या जातात, तळापासून उचलल्या जातात. मासळीला ते खोटं वाटतं.

म्हणून रिळावर बोट ठेवा आणि तंगूस जरा अडवून सोडा. बघा... फ्लोट किंचित मागे कलला? आता अळ्या त्याच्या पुढे, तळालगत चालल्यात. दर वेळी त्याच रेषेतून सोडा. या मासळ्या थव्याने राहतात. एक लागली तर जागा बदलू नका.

तिसऱ्या रविवारी फ्लोट बुडाला. तळाला अडकला असेल म्हणून मी हलकेच काठी उचलली, तर पलीकडून थरथर आली. प्रवाहात पंख उभारून ती गोल गोल फिरत होती. हात कापत होते माझे! ओठ नाजूक असतात, म्हणून खेचाखेच नको.

तिचं शास्त्रीय नाव थायमॅलस. थाइम या सुगंधी वनस्पतीच्या वासावरून पडलंय म्हणतात, आणि थाइममधला वासाचा घटक, थायमॉल, आपल्या ओव्यातही असतो. मला मात्र काकडीचा वास आला.

दक्षिण इंग्लंडच्या काही नद्यांत ट्राउटच्या वाटचं खाते म्हणून हिला वर्षानुवर्षं काढून टाकत. फार वाईट वाटतं मला त्याचं.

सोडताना घाई करू नका. ही ट्राउटपेक्षा लवकर दमते. जाळं पाण्यातच ठेवा, तिचं तोंड प्रवाहाकडे करा, हात ओले करून आधार द्या. कलंडली तर पुन्हा सरळ धरा. माझी मिनिटभर तशीच थांबली, कल्ले उघडत-मिटत. मग शेपटीचा एक फटका, बाहीभर पाणी, आणि करड्या गोट्यांत दिसेनाशी झाली.