पहाऱ्याचा खर्च

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : 'सरकारी उधळपट्टी आणि नियमांचा बोजा'. वाचताना वाटतं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एकीकडे सरकार पैसा उडवतं आणि दुसरीकडे लोकांना कागदांनी हैराण करतं. मला आज एवढंच मांडायचंय की या दोन्ही तक्रारी पुष्कळदा एकाच घरच्या असतात. पैसा वाया जाऊ नये म्हणून पहारा बसवला जातो आणि पुढे तो पहाराच चोरीपेक्षा महाग पडतो. चोरी पकडली की निदान बातमी तरी होते. पहाऱ्याचा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात सापडत नाही.

सुरुवात एका हातोडीपासून करतो. १९८३ साली अमेरिकेत बातमी गाजली की तिथल्या नौदलाने एक साधी हातोडी ४३५ डॉलरला विकत घेतली. दुकानात तशीच हातोडी काही डॉलरांत मिळत होती. मग काय, व्यंगचित्रं निघाली, संसदेत भाषणं झाली. आजही उधळपट्टीचा विषय निघाला की कुणीतरी ती हातोडी काढतंच. प्रत्यक्षात झालं होतं असं : कंत्राटात अनेक वस्तू एकत्र होत्या, आणि कंपनीने आपला अभियांत्रिकी-व्यवस्थापनाचा वरखर्च किमतीच्या प्रमाणात न वाटता सगळ्या वस्तूंवर सारखा वाटून टाकला होता. गुंतागुंतीच्या यंत्रभागावर जेवढा चढवला, तेवढाच हातोडीवर. त्यामुळे कागदावर हातोडी सोन्याची झाली आणि यंत्रभाग स्वस्त दिसला. एकूण बिल मात्र होतं तेवढंच होतं.

याचा अर्थ तिथल्या संरक्षण खात्यात सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. त्या खात्याचं पहिलं संपूर्ण लेखापरीक्षण २०१८ साली झालं. तेव्हापासून २०२४ पर्यंत सलग सात वेळा ते नापास झालं. खरी गळती आहेच. पण ती वहीत शोधावी लागते, आणि हातोडी कशी फोटोत दिसते. लोकक्षोभ फोटोत दिसणाऱ्या गोष्टीवर होतो आणि नियम लोकक्षोभावर होतात. घोळ सुरू होतो तो इथून.

त्याच खात्याचा दुसरा कागद पाहा. सैनिकांच्या शिध्यात जाणारी ओटची बिस्किटं आणि चॉकलेटचा थर दिलेली ब्राउनी कशी असावी, याचं विनिर्देशपत्र २६ पानांचं होतं. त्यात अक्रोडाचे तुकडे कसे असावेत हेही होतं. रंगाने फिकट, ठरवून दिलेल्या प्रतीचे, आणि वजनाने किमान ९० टक्के तुकडे पाव इंच व्यासाच्या गोल छिद्रांच्या चाळणीतून पडलेच पाहिजेत. फार बारीक चुराही चालणार नाही, त्याचीही मर्यादा वेगळी. हसू येतं खरं. पण अशा कागदातलं एकेक वाक्य कुणी खुळ्याने लिहिलेलं नसतं. कधीतरी कुणीतरी निकृष्ट माल पुरवलेला असतो, कुणाची तरी चौकशी लागलेली असते, आणि 'पुन्हा असं होऊ नये' म्हणून आणखी एक ओळ वाढलेली असते. प्रत्येक ओळ सुटी घेतली तर शहाणपणाची. बेरीज केली की २६ पानं.

आता ही निविदा भरणार कोण? रोज हजारो ब्राउनी भाजणारा चांगला बेकरीवाला ती पानं बघून हात जोडतो. उरतात ती पानं वाचण्यात तरबेज असलेले दोन-चार पुरवठादार. स्पर्धा आटली की भाव चढतो, आणि चढलेल्या भावावर पुन्हा चौकशी बसते. १९८६ मध्ये अध्यक्षांनी नेमलेल्या पॅकार्ड आयोगानेच सांगितलं की संरक्षण खरेदीची प्रक्रिया अतिनियमनाने जखडलीय. पुढे १९९४ मध्ये संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी आदेश काढून उलटी चाल सांगितली : बाजारात चालणारं मानक किंवा वर्णन पुरत असेल तर तेच वापरा, लष्करी विनिर्देश हवं असेल तर त्यासाठी खास परवानगी घ्या. म्हणजे नियम वापरायचा तर कारण द्या. अशी सक्ती फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

उधळपट्टी रोखणारा आणखी एक नियम सगळ्यांच्या ओळखीचा आहे : वर्षाचा निधी वर्षात खर्च करा, उरला तर परत करा. हेतू चांगला, कारण पैसा पडून राहू नये, संसदेची पकड राहावी. आणि परिणाम? मार्च एण्ड. जेफ्री लीबमन आणि नील महोनी या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेच्या संघीय खरेदीचा अभ्यास केला. तिथलं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. शेवटच्या आठवड्यातली खरेदी उरलेल्या वर्षाच्या साप्ताहिक सरासरीच्या सुमारे पाचपट निघाली. त्या आठवड्यात घेतलेले संगणक प्रकल्पही दर्जात उणे ठरले. मला त्यातला सगळ्यात बोलका भाग वाटतो तो न्याय खात्याचा. या एका खात्याला उरलेला पैसा पुढच्या संगणक खरेदीसाठी राखून ठेवायची मुभा होती, आणि तिथे वर्षअखेरीला दर्जा घसरत नव्हता. माणसं तीच, सरकार तेच, फक्त 'संपव नाहीतर जाईल' ही टांगती तलवार नव्हती. काटकसर करणाऱ्याच्या पदरात पुढच्या वर्षी कमी तरतूद पडणार असेल तर काटकसर करील कोण!

आता सरकारच्या तिजोरीतून बाहेर येऊ आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे पाहू. माझ्या मते सगळ्यात मोठी उधळपट्टी इथे आहे, कारण हा खर्च सरकारला फुकट पडतो. अर्जात एक रकाना वाढवायला खात्याला शाईचाही खर्च येत नाही. तो रकाना दहा लाख लोकांनी पाच-पाच मिनिटं भरायचा म्हटलं की ऐंशी हजारांवर तास गेले. कुणाच्या खात्यातून? कुणाच्याच नाही. लेखापरीक्षकाला ते दिसत नाहीत.

अमेरिकेने हे तास मोजायचा प्रयत्न केला, हे त्यांचं श्रेय. १९८० च्या कागदपत्र घटवण्याच्या कायद्यानुसार हा अर्ज भरायला सरासरी किती वेळ लागेल हे संघीय अर्जांवर छापावं लागतं. सगळ्या अर्जांची बेरीज वर्षाला हजार कोटी तासांच्या आसपास जाते. वर्षाला दोन हजार तास काम करणारा माणूस धरला तर पन्नास लाख माणसं वर्षभर फक्त अर्ज भरताहेत. आणि गंमत बघा. याच कायद्यामुळे एखाद्या संघीय खात्याला दहा किंवा अधिक लोकांना तेच प्रश्न विचारायचे असतील तर आधी मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी एकदा साठ दिवसांची आणि मग तीस दिवसांची जाहीर सूचना द्यावी लागते. म्हणजे 'आमचा अर्ज तुम्हाला अवघड जातो का?' एवढं लोकांना विचारायचं तरी कित्येक महिने वाट पाहा. पहाऱ्यावर पहारा बसवला की असंच होणार.

या तासांचा एका माणसाच्या आयुष्यात काय अर्थ होतो, हे पेरूमधल्या एका प्रयोगात दिसतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अर्थतज्ज्ञ हर्नांदो दे सोतो यांच्या संस्थेने लिमा शहराच्या कडेला एक छोटासा शिवणकामाचा कारखाना कायदेशीर नोंदवायचा घाट घातला. ठरलं असं की ओळखपाळख वापरायची नाही आणि काम पुरतं अडल्याशिवाय लाच द्यायची नाही. रोज जाऊन रांगा लावायच्या, अर्ज भरायचे, बसने पुढच्या कचेरीत जायचं. नोंदणी पूर्ण व्हायला २८९ दिवस लागले. लाच दहा वेळा मागितली गेली, आणि दोनदा ती दिल्याशिवाय गाडी पुढे सरकलीच नाही. खर्च झाला तो तिथल्या किमान मासिक वेतनाच्या एकतीस पट. शिलाई मशीन घेऊन पोट भरणारा माणूस हे करील का? तो नोंदणीशिवायच धंदा करील. मग त्याला कर्ज नाही, त्याच्या कामगाराला संरक्षण नाही, सरकारला कर नाही. लोकांच्या भल्यासाठी केलेले सगळे नियम पुस्तकात जागेवर, आणि लोक पुस्तकाच्या बाहेर.

मोठ्या उद्योगांचं काय, असं कुणी विचारील. ते कुरकुरतात, पण त्यांना हे परवडतं. त्यांच्याकडे वकिलांचा मजला असतो. नवा नियम आला की नवा स्पर्धक दाराबाहेरच अडतो, हे त्यांना चांगलं कळतं. जास्त खोलात जात नाही.

आता इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग मोडून टाका सगळं. तसं म्हणणाऱ्यांना मी १९६० सालची एक फाइल दाखवीन. सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे थॅलिडोमाइड नावाच्या झोपेच्या औषधाचा अर्ज आला. युरोपात ते विकलं जात होतं. फाइल गेली नव्याने रुजू झालेल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांच्याकडे. तेव्हाच्या कायद्यात साठ दिवसांत हरकत घेतली नाही तर मंजुरी आपोआप मिळायची. केल्सीबाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून आणखी माहिती मागितली. कंपनीने पाठवली, बाईंनी पुन्हा मागितली. कंपनीने वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, बाई कशा आडमुठ्या आहेत ते सांगितलं. आपण ज्याला फाइल अडकवणं म्हणतो, अगदी तेच चाललं होतं. १९६१ च्या अखेरीला जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं. जगभरात दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली होती. अमेरिकेत ते औषध तेव्हा विक्रीला आलंच नाही.

मग केल्सीबाईंचा प्रश्न आणि अक्रोडाची चाळणी यांत फरक काय? माझी कसोटी साधी आहे. उत्तर काय आलं तर निर्णय बदलेल, हे विचारणाऱ्याला सांगता येतं का? केल्सीबाईंना सांगता येत होतं. उत्तर काहीही येवो, फाइलवर तोच शेरा पडणार असेल, तर तो प्रश्न फक्त विचारणाऱ्याच्या बचावासाठी आहे. 'मी विचारलं होतं' एवढं दाखवायला.

नियम नुसते मोजून कमी करण्याचे प्रयोगही झालेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००१ मध्ये आपल्या नियमांतल्या सक्तीच्या अटी मोजल्या, तीन लाखांच्या वर भरल्या. तीन वर्षांत एक तृतीयांश घटवायचं ठरवलं आणि त्याहून जास्त घटवल्या. मोजणीचा फायदा हा की खातं अंग झाडू शकत नाही. पण आकडा हेच ध्येय झालं की धोका. ब्रिटनने २०११ पासून 'एक नवा आणाल तर एक जुना काढा' असं धोरण घेतलं, पुढे 'दोन काढा' झालं. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला आग लागली, ७२ माणसं गेली. २०२४ च्या चौकशी अहवालाने स्पष्ट म्हटलं की नियम कमी करण्याच्या धोरणाने इमारतींचे नियम सांभाळणाऱ्या खात्यावर इतका पगडा बसवला होता की जीवाशी निगडित बाबीही बाजूला पडल्या किंवा रेंगाळल्या. नियम किलोवर मोजले की ब्राउनीची चाळणी आणि इमारतीचं अग्निरोधक आवरण यांचं वजन सारखंच भरतं.

त्यापेक्षा मला टेक्सासची रीत बरी वाटते. १९७७ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे राज्याच्या बहुतेक संस्थांना साधारण दर बारा वर्षांनी तपासणीला सामोरं जावं लागतं. विधिमंडळाने मुदत वाढवली नाही तर संस्था आपोआप बंद. चालू ठेवायचं तर कुणीतरी हात वर करून 'हे हवंय' म्हणावं लागतं. एरवी सगळीकडे उलटं असतं. बंद करायचं म्हणणाऱ्यालाच कारणं द्यावी लागतात.

मघाशी चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय : सगळं ऑनलाइन झालं की हा त्रास आपोआप जाणार नाही का? नाही जाणार. कागदी अर्जातले चाळीस रकाने पडद्यावर चाळीसच राहतात, वर पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो. एस्टोनियाचं कौतुक आपण ऐकतो. तिथे २००१ पासून सरकारी नोंदवह्या एक्स-रोड या व्यवस्थेने जोडलेल्या आहेत. पण खरं काम संगणकाने केलेलं नाही. त्यांच्या कायद्यात एकच माहिती गोळा करायला वेगवेगळे विदासंच उभारण्यावर बंदी आहे. पत्ता एका नोंदवहीत असेल तर दुसऱ्या खात्याने नागरिकाला तो विचारायचा नाही, पहिल्या खात्याकडून घ्यायचा. म्हणजे प्रत्येक खात्याला आपली स्वतःची यादी सोडून द्यावी लागली. संगणक विकत घेणं त्या मानाने सोपं, त्याची निविदा काढता येते.