नावाजलेली बीअर आवडली नाही? आधी ती कुठे ठेवली होती ते सांगा

नमस्कार मंडळी! मालवणातून बोलतोय. मागे जो ठाक-ठाक आवाज येतोय तो शेजारी नारळ सोलतायत त्याचा. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

आजचा विषय तुम्हीच काढलाय. मागच्या व्हिडिओखाली बघा. "दादा, पुण्यात एवढे पैसे मोजून आयपीए घेतली, कडूजार! लोक पितात कशी?" "हेफेवायझनला केळ्याचा वास येतो, इसेन्स टाकतात का?" आणि एक ताई लिहितात, "नवरा म्हणतो तुला बीअरमधलं काही कळत नाही." ताई, नवऱ्याला शेजारी बसवा आणि आवाज वाढवा.

पटकन उरकतो. पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा बार्ली), हॉप्स (एका वेलीची कडू फुलं), यीस्ट (आंबवणारी सूक्ष्म बुरशी) झाली की बीअर. 21 च्या आतले असाल तर व्हिडिओ इथेच बंद करा. बाकीच्यांनी पिण्याचं परमिट काढा. पुढे.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. हॉप्स भरपूर, म्हणून कडू. आपल्याकडे कडू चव ओळखणारे साधारण 25 प्रकारचे रिसेप्टर असतात आणि ते माणसागणिक थोडे वेगळे असतात. म्हणजे तुमच्या मित्राला जे "वा, काय मस्त" लागतं, ते तुम्हाला खरोखरच जास्त कडू लागत असेल. यात कळण्या-न कळण्याचा संबंधच नाही. एकजण लिहितो, "नावात इंडिया आहे, मग आपल्याला आवडायला नको?" अरे बाबा, ती आपल्यासाठी नव्हतीच! इथल्या गोऱ्या साहेबांसाठी लंडनहून जहाजाने यायची. आणि ती गोष्ट सांगतात ना, की समुद्रप्रवासात टिकावी म्हणून मुद्दाम आयपीए शोधून काढली, ती फार ताणलेली आहे. त्याच जहाजांतून पोर्टर नावाची काळी बीअरही यायची आणि व्यवस्थित पोचायची.

हेफेवायझन म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बीअर, तिच्यात इसेन्स नसतं. केळ्याचा वास यीस्ट स्वतः तयार करतं, लवंगेचाही. ज्याला पिकलेल्या केळ्याचा वास सोसत नाही त्याला ती आवडणार नाही. विषय संपला.

आता माझं खरं दुखणं. (हिरवी बाटली दाखवतो) तुमच्यातले निम्मे जण म्हणतात "अमुक इंपोर्टेड बीअर भंगार", तेव्हा मला एकच विचारायचं असतं: ती उन्हात होती का? हॉप्समधली जी कडू द्रव्यं असतात, त्यांच्यावर प्रकाश पडला की ती तुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. त्याचा उग्र, कुबट दर्प इतका जहाल असतो की नखाएवढंही नको, कणभराच्या कणभरानेसुद्धा नाक आक्रसतं. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते. हिरवी आणि पांढरी, म्हणजे पारदर्शक, काच जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये प्रश्नच येत नाही.

माझे काका मे महिन्यात घरी आले होते. बाटल्यांचा खोका अंगणात, फणसाखाली. सकाळी सावली होती, दुपारी ऊन सरकलं. संध्याकाळी काकांनी बाटली उघडली, पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "ह्येका कसलो वास येता रे? आत्ताच तर उघडली!" मी घरातल्या फ्रिजमधली, त्याच खोक्यातली बाटली दिली. ती सरळ संपवली. कंपनी तीच, बॅच तीच, फरक फक्त उन्हाचा.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तपकिरी बाटलीच घेतो. घ्या की. पण मग गच्चीवर बसता, ग्लासात ओतता आणि सूर्यास्ताच्या फोटोसाठी तो ग्लास कठड्यावर ठेवता. ग्लास पांढऱ्या काचेचा! बाटलीने जे अडवलं ते तुम्ही स्वतः ओतून टाकलंत. घरीच करून बघा: एकाच बाटलीतली बीअर दोन ग्लासांत घ्या, एक पंधरा-वीस मिनिटं उन्हात, एक कपाटात. मग डोळे मिटून वास घ्या. हॉप्सवाली बीअर असेल तर फरक लगेच कळेल.

आणि दुकानातला फ्रिज? आत ट्यूबलाइट रात्रंदिवस जळतेय, हिरव्या बाटल्या पहिल्या रांगेत छान दिसाव्यात म्हणून मांडलेल्या. तोही प्रकाशच. मी सरळ सांगतो, "भाऊ, मागची दे, नाहीतर खोक्यातली दे." तो वैतागतो. वैतागू दे.

याच धर्तीचा एक प्रश्न: "गोव्याहून डिकीत टाकून आणली तर चालेल का?" एकतर परवान्याशिवाय आणायची नसते, गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीला एक्साइजचा नाका कशाला आहे? आणि समजा परवाना आहे, तरी मे महिन्यातली डिकी म्हणजे भट्टी. आयपीएतला आंब्या-संत्र्याचा वास आधी मरतो, कडवटपणा मागे राहतो. पुढे पुठ्ठ्यासारखी चव यायला लागते. मग तुम्ही कमेंट टाकता, आयपीए भंगार. ती आयपीए राहिली कुठे होती?

हे सगळं नीट सांभाळूनही काही बीअर अनेकांना आवडत नाहीत, आणि ते अगदी रास्त आहे. बेल्जियमची लॅम्बिक घ्या. ब्रसेल्सच्या आसपास थंडीच्या दिवसांत धान्याचा उकळलेला रस पसरट उघड्या टाकीत रात्रभर ठेवतात. यीस्ट घालत नाहीत, हवेतलं आणि पिंपातलं पकडतं. मग लाकडी पिंपात एक, दोन, तीन वर्षं. या वेगवेगळ्या वयाच्या लॅम्बिक मिसळल्या की तिला म्हणतात ग्यूझ. ती आंबट असते आणि वर घोड्याच्या तबेल्याचा वास. जाणकार हा वास कौतुकाने सांगतात! पण मला गंमत वाटते ती आपल्या लोकांची. माडीही तशीच की. माडाच्या पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, रस मडक्यात पडतो, यीस्ट कोणी घालत नाही, पहाटेची गोड, दुपारपर्यंत आंबट. आमच्या गावात दुपारचीच मागणारे आहेत. त्यांना मी ग्यूझ दिली तर एकजण "मस्त" म्हणाला, दुसऱ्याने वास घेऊन ग्लास परत केला. दोघेही माडीवर वाढलेले.

जर्मनीतल्या बांबर्गची राउखबीअर म्हणजे धुरावलेल्या माल्टची. श्लेंकर्ला ही तिथली नावाजलेली; माल्ट बीच झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. त्यांचं स्वतःचंच म्हणणं असतं की पहिल्या घोटाला विचित्र लागली तरी थांबू नका. मला आवडते, भाजलेल्या सुकटाबरोबर तर विचारूच नका. घरातल्यांनी मात्र "चुलीत ठेवली होतीस का?" म्हणून बाजूला सारली. मीही आग्रह केला नाही, माझ्या वाटणीला जास्त आली.

राहिली गिनेस, आयर्लंडची काळी बीअर. हिच्याबद्दल दोन उलट्या तक्रारी येतात. न पिणारे म्हणतात, काळी म्हणजे जड असणार. पिणारे म्हणतात, पाणचट आहे. दुसरे जास्त बरोबर! नेहमीच्या ड्राफ्टमध्ये अल्कोहोल 4.2 टक्के, आपल्या स्ट्रॉंग बीअरपेक्षा कितीतरी कमी. दाट लागतो तो फेस, आणि तो नायट्रोजनमुळे. स्ट्रॉंगची सवय असेल तर ती तुम्हाला फिकीच लागणार. फक्त बर्फगार करून पिऊ नका, जीभ बधिर झाली की भाजलेल्या बार्लीची चव जाते आणि मग खरंच पाणी उरतं.

आणि ज्यांनी विचारलंय "दादा, गिनेसच्या रिकाम्या कॅनमध्ये काहीतरी खडखडतंय, दुकानात परत करू का?" ते विजेट आहे. प्लास्टिकचा पोकळ गोळा, कॅन उघडला की त्यातून नायट्रोजन सुटतो आणि फेस येतो. परत करू नका. थेट कॅनला तोंडही लावू नका, सगळी एकदम ग्लासात ओता. आणि ग्लास सावलीत ठेवा!