कोकणात गाव बघायचं तर शिमग्याला जा

नमस्कार मंडळी! आपल्या नाशिककरांचं कोकण म्हणजे काय, तर मे महिन्यात गाडी काढायची, बीचवर पोरांना खेळू द्यायचं, सुरमई हाणायची आणि परत यायचं. मजा येते, नाही असं नाही, पण ह्यात गाव कुठं दिसतं? गुहागर घ्या, गावातून समुद्राला समांतर जाणारा लांबलचक रस्ता, वरचा पाट, खालचा पाट अशा वस्त्या, दोन्हीकडे घरं, घरांच्या मागं नारळी-पोफळी, आणि मे महिन्याच्या दुपारी तिथं चिटपाखरू नसतं, बरीच तरुण मंडळी मुंबईला नोकरीला.

हीच मंडळी शिमग्याला बघा. गणपतीला येतात तशीच शिमग्यालाही रजा टाकून येतात, कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली तरी तिकिटाची मारामारी काही संपलेली नाही. आपल्याकडे रंगपंचमीला शनी चौकात, तिवंध्यावर रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्यानं भरलेल्या जुन्या हौदात, उड्या मारल्या की संपलं, तिकडं ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते ती कितीतरी दिवस वाडीवाडीत, घरोघरी फिरते. ढोल वाजतो, चारजण पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात, मग ती अंगणात टेकते, घरातल्या बायका ओटी भरतात आणि गाऱ्हाणं घातलं जातं, मुंबईतल्या पोराच्या नोकरीपासून आजीच्या गुडघ्यापर्यंत सगळं देवापुढं मांडतात, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ अंगावर काटा येतो राव. आता सगळं गोडगोडच असतं असं नाही हं, पालखीचा मान कुणाचा, आधी कुणाच्या दारात, ह्यावरून भावकीत वाद होतात, कधी प्रकरण पोलिसांपर्यंतही जातं. पण भांडायला का होईना, माणसं गावात येतात, हे मला तरी मोठं वाटतं.

बागायतदारांचं मात्र अवघड आहे. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ नावाचं चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, नवीन रोप लावलं तरी सुपारी धरायला कितीतरी वर्षं, तोवर खायचं काय? आपल्या द्राक्षवाल्यांना गारपिटीचं दुःख माहितीये, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि जाणारच असाल तर दापोलीजवळ हर्णैला संध्याकाळचा लिलाव चुकवू नका. खोल पाण्यात थांबलेल्या बोटींवरून मासळी किनाऱ्यावर येते, वाळूतच ढीग लागतात, कोळणी भाव फोडतात, आपण मध्ये उभं राहिलो की ओरडा खातो, तेव्हा कडेला उभं राहून बघायचं. फक्त 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत गेलात तर होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या दिसतील, आणि हॉटेलवाला ‘ताजं पापलेट’ म्हणाला तर जरा दोनदा विचारा.