चट्टा आज कुठे आहे?

मागे बसलेल्यांनी थोडं पुढे सरकावं. हे जिभेचे फोटो लांबून सगळे सारखेच दिसतात, आणि आजचा मुद्दा त्यांच्यातल्या फरकाचाच आहे.

हा पहिला फोटो एका बाईंच्या मोबाइलमधला, त्यांना विचारूनच दाखवतोय. चाळिशीच्या, शाळेत शिकवतात. जिभेच्या डाव्या कडेला लाल, गुळगुळीत चट्टा आणि त्याभोवती पांढरट-पिवळसर नागमोडी किनार. ठेचा खाल्ला की झोंबतं, बाकी त्रास नाही. दोन वर्षं हे चाललेलं. ‘तोंड आलंय’ म्हणून जाईचा पाला चघळून झाला, ‘उष्णता’ म्हणून सब्जा झाला, मग औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्स आणलं. प्रत्येक उपायानं चट्टा गेला. गेला म्हणजे तिथून गेला. आठवड्याभरात दुसरीकडे उगवला!

आता जिभेची पाठ जवळून बघा. तिच्यावर धाग्यांसारखे बारीक उंचवटे दाटीनं असतात. जिभेचा खरखरीतपणा आणि फिकट रंग त्यांचाच. चट्ट्याच्या जागी हे धागे झडतात आणि खालची लाली उघडी पडते. मधूनमधून जे लाल ठिपके दिसतात ते छत्रीच्या आकाराचे उंचवटे, ते शाबूत राहतात. चवीच्या कळ्या त्यांच्यात असतात, धाग्यांत नसतातच. म्हणून या बाईंना आमटीत मीठ कमी पडलं तर बरोबर कळतं. आपण लाल भाग बघून घाबरतो, पण खरी धामधूम चाललेली असते किनारीत. किनार पुढे सरकते, मागची जागा भरून येते.

याला भौगोलिक जीभ म्हणतात, कारण दिसतं ते नकाशासारखं. फ्रान्सच्या पिएर रेये यांनी १८३१ मध्येच जिभेवरच्या या भटक्या पुरळाचं वर्णन केलं होतं. शंभरातल्या एक ते तीन जणांना हे असतं, बहुतेकांना पत्ताही नसतो. सिगारेट ओढणाऱ्यांत ते कमी आढळतं, असं काही पाहण्यांत दिसलंय. कृपया याला सल्ला समजू नका.

हेच चट्टे क्वचित जीभ सोडूनही फिरतात. गालाच्या आत, ओठाच्या आत, जिभेखाली, मऊ टाळूवर. अशा रुग्णांना बहुतेक वेळा जिभेवरही नकाशा असतो, म्हणून गालावरचा चट्टा बघताना जीभ बाहेर काढायला सांगायला विसरू नका.

आता या चट्ट्यांच्या सोरायसिस या त्वचारोगाशी असलेल्या नात्याकडे येतो. ही स्लाइड किनारीतून घेतलेल्या तुकड्याची आहे. अस्तराचे पाय खाली लांब उतरलेत आणि वरच्या थरात पांढऱ्या पेशींची छोटी छोटी टोळकी बसलीत. त्वचारोगाच्या डॉक्टरांना या टोळक्यांची नावं पाठ असतात, मन्रो आणि कोगोज. दोन्ही नावं सोरायसिसच्या अभ्यासातून आलेली. तुकडा कुठला ते न सांगता ही स्लाइड दिली, तर पॅथॉलॉजिस्ट आधी सोरायसिसच म्हणेल. त्वचेवर त्याचे चंदेरी पापुद्रे सुटतात. तोंडात लाळेची सतत आंघोळ, तिथे पापुद्रा टिकणार कसा?

नातं एवढ्यावर थांबत नाही. ब्राझीलमध्ये १९९६ साली रक्त तपासलं, तेव्हा सोरायसिसशी जोडलेली एचएलए-सीडब्ल्यू६ ही आनुवंशिक खूण भौगोलिक जीभ असलेल्यांतही जास्त सापडली. पू धरणाऱ्या सोरायसिसमध्ये अनेकदा जो जनुक बिघडलेला असतो, त्यातलेच बदल पुढे चीनमध्ये भौगोलिक जिभेच्या काही रुग्णांत दिसले. सोरायसिस असलेल्यांमध्ये हे चट्टे इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. पण वाक्य उलटं फिरवू नका. जिभेवर नकाशा असलेल्या बहुतेकांना सोरायसिस नसतो आणि पुढे होतोच असंही नाही. माझ्या मते ही चुलत भावंडं आहेत. आडनाव एक, घरं वेगळी.

मग करायचं काय? प्रश्न विचारायचे. कोपर, गुडघे, नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे, सकाळी आखडणारे सांधे, घरात कुणाला काही. बाई म्हणाल्या, ‘कोंडा आहे हो, पण तो सगळ्यांनाच असतो.’ त्यांनी केस बाजूला केले. कोंडा कपाळावर उतरला होता, जाड थरानं, कानामागेही. त्वचेच्या डॉक्टरांनी सोरायसिस ठरवला आणि उपचार सुरू केले. तोंडासाठी मी काहीच दिलं नाही. झोंबेल त्या दिवशी ठेचा बंद, फार झोंबलं तर बधिर करणारी गुळणी. न झोंबणाऱ्या चट्ट्यावर औषध लावू नये, या मताचा मी आहे.

आता दुसरा फोटो. पन्नाशीचे गृहस्थ, तंबाखू-चुना लावणारे. जिभेच्या कडेला लाल चट्टा, थोडी पांढरी झाक. ठेवा पहिल्याच्या शेजारी. मीही पहिल्या भेटीत मनात ‘फिरता असेल’ असंच म्हटलं होतं. नशीब एवढंच की फोटो काढून घेतला आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. ते आले, म्हणाले, ‘डॉक्टर, दुखत काहीच नाही, उगाच खेप.’ पहिला फोटो त्यांच्या जिभेशेजारी धरला. तोच दात, तीच कड, तसूभरही हलला नव्हता. त्याच दिवशी तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोगाची सुरुवात होती. गाठ लहान होती, शस्त्रक्रियाही लहानच झाली.

बाईंचे आता मोबाइलमध्ये नऊ फोटो आहेत, तारखांसकट. शेवटच्यात चट्टा खालच्या ओठाच्या आत पोचलाय.