पाटाच्या पाण्यावर उभे राहिलेले गायमान

[दृश्य : उंचावरून दिसणारे चुबुत नदीचे खोरे]

ही हिरवी पट्टी अर्जेंटिनाच्या पातागोनिया प्रदेशातील चुबुत नदीच्या खालच्या खोऱ्याची आहे. दोन्ही कडांना हिरवा रंग एकदम तुटतो आणि काटेरी झुडपांचे करडे पठार सुरू होते. वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात पाटाचे पाणी पोहोचते तेवढीच शेती आहे. या पट्टीत, नदीच्या काठाला धरून, गायमान हे वेल्समधून आलेल्या लोकांनी वसवलेले छोटे गाव आहे.

[दृश्य : चहाघराची बाग, चहाचे टेबल]

गायमानला येणारे प्रवासी बहुधा या चहाघरांसाठी येतात. 1995 साली वेल्सच्या राजकन्या डायना यांनी येथे चहा घेतला आणि त्यानंतर या गावाचे नाव चहाशी अधिकच जोडले गेले. पाहुणचार आणि केक येथे मनापासून मिळतात, त्याबद्दल दुमत नाही. मात्र चहाघराच्या कुंपणापलीकडून वाहणारा मातीचा पाट पाहिल्याशिवाय या गावाची ओळख पुरी होत नाही, असे आम्हाला वाटते.

[दृश्य : पुएर्तो माद्रिनचा किनारा, किनाऱ्यालगतच्या कपारी]

28 मे 1865 रोजी ‘मिमोसा’ हे शिडाचे जहाज लिव्हरपूलहून निघाले आणि जुलैच्या अखेरीस या किनाऱ्याला लागले. त्यात दीडशेहून थोडे अधिक स्त्री-पुरुष आणि मुले होती. आपली भाषा, आपली उपासना आणि आपला कारभार इंग्रजांच्या वर्चस्वापासून दूर, आपल्या हाती ठेवता येईल अशी भूमी त्यांना हवी होती. धर्मोपदेशक मायकेल डी. जोन्स हे या कल्पनेचे प्रमुख प्रवर्तक होते, लुईस जोन्स यांनी आधी येऊन हा प्रदेश पाहिला होता आणि अर्जेंटिनाचे गृहमंत्री गिलेर्मो रॉसन यांनी सरकारच्या वतीने त्यांना जमीन देऊ केली होती. हिरव्या कुरणांच्या आशेने आलेल्या या माणसांना किनाऱ्यावर पिण्याचे गोडे पाणीसुद्धा मिळाले नाही, आणि नदी गाठण्यासाठी त्यांना सुमारे 65 किलोमीटर कोरडे पठार तुडवावे लागले.

[दृश्य : कोरडी, भेगाळलेली जमीन, मग नदीचे पात्र]

त्यांच्यात मुरलेले शेतकरी थोडे होते, तर दक्षिण वेल्सच्या कोळसा-खाणींच्या भागातून आलेली माणसे बरीच होती. पावसाच्या भरवशावर त्यांनी गहू पेरला आणि तो करपून गेला. पहिली दोन वर्षे सरकारी मदतीवर निघाली. शिवाय या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या तेउएल्चे लोकांनी त्यांच्याशी मांस आणि कातडी देऊन बदल्यात पाव घेण्याची देवघेव सुरू केली आणि पठारावर शिकार कशी करावी हे त्यांना शिकवले. त्या मदतीशिवाय ही वसाहत टिकली नसती, असे आम्ही निःशंकपणे म्हणू शकतो.

[दृश्य : फावड्याने फोडलेली चारी, पाणी वाफ्यात शिरते]

या गावाच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण म्हणजे हे दृश्य. 1867 च्या अखेरीस, येथील वसंत ऋतूत, नदी भरून वाहत होती आणि तिच्या पाण्याची पातळी काठच्या शेताच्या जवळपास आली होती. रेचेल जेंकिन्स यांना ते दिसले आणि काठ थोडा फोडला तर पाणी पिकावर येईल, असे त्यांनी पती अ‍ॅरन यांना सुचवले, असे खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. अ‍ॅरन यांनी चारी खोदली, पाणी शेतात आले आणि कोमेजलेला गहू तरारला. पुढच्या हंगामापासून शेजारच्या शेतकऱ्यांनीही तेच केले. ज्यांना शेतीचा सराव नव्हता त्यांना कुदळ आणि फावडे मात्र जन्मापासून ठाऊक होते, आणि खाणीतील ते कसब येथे असे कामाला आले.

[दृश्य : मुख्य कालव्याच्या काठाने चालणारा कॅमेरा]

काठ फोडून आणलेले पाणी नदीला भर असेपर्यंतच मिळते. नदी उतरली की चारी कोरडी पडते. शिवाय, नदीकाठापासून दूरच्या जमिनीला अशा पाण्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून नदीत बांध घालून पाणी अडवण्याचे प्रयत्न झाले, परंतु पुराच्या लोंढ्यापुढे ते बांध टिकले नाहीत. अखेर जो मार्ग सापडला तो साधा होता, पण प्रचंड कष्टाचा होता. खोऱ्याच्या वरच्या अंगाला, जेथे नदीची पातळी खालच्या शेतांपेक्षा उंच आहे, तेथे कालव्याचे तोंड काढायचे आणि नदीपेक्षा मंद उतार राखत तो कालवा मैलोन्‌मैल खाली आणायचा. उतार जास्त झाला तर पाणी कालव्याचा तळ खरवडून नेते. कमी झाला तर गाळ साचून कालवा बुजतो. हा नेमका उतार सांभाळत या लोकांनी नदीच्या दोन्ही तीरांना मुख्य कालवे खणले, आणि त्यांपासून पोटचाऱ्या काढून शेताशेताच्या दारापर्यंत पाणी नेले.

एकट्या कुटुंबाचे हे काम नव्हते. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कालव्यांच्या कंपन्या काढल्या आणि खोदाईचे श्रम, डागडुजी व पाण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या. धान्याच्या व्यापारातही त्यांनी 1885 साली स्वतःची सहकारी संस्था उभारली, जेणेकरून गहू विकताना आणि गरजेच्या वस्तू विकत घेताना मधला व्यापारी त्यांना नाडणार नाही. या वसाहतीत सुरुवातीपासून स्त्रियांनाही मताचा अधिकार होता, ही गोष्टही येथे सांगितलीच पाहिजे.

[दृश्य : दगडी घर, जुने प्रार्थनामंदिर, रेल्वेचा बोगदा]

गायमानचे हे पहिले घर 1874 चे असून ते दगडात बांधलेले आहे. त्याच सुमारास वेल्समधून आणि अमेरिकेतून नवे वसाहतकार आले आणि खोऱ्याचा वरचा भाग नांगराखाली आला. नदीपलीकडे बेथेल नावाची दोन प्रार्थनामंदिरे शेजारी शेजारी उभी आहेत. या बोगद्यातून कधीकाळी आगगाडी गव्हाची पोती घेऊन बंदराकडे जात असे; 1961 साली रेल्वे बंद झाली आणि आता लोक त्यातून पायी जातात.

[दृश्य : दोलावोन गावातील कालव्यावरचा रहाट]

वरच्या अंगाला असलेल्या दोलावोन गावातील हे रहाट कालव्याच्या प्रवाहानेच फिरतात आणि पाणी उचलून काठावरच्या बागांना देतात. तेथील पिठाच्या गिरणीचे आता संग्रहालय झाले आहे. ज्या खोऱ्यात पहिला गहू करपला होता, तेथील गव्हाला 1889 च्या पॅरिस आणि 1893 च्या शिकागो प्रदर्शनांत पदके मिळाली, आणि हे यश आम्ही पूर्णपणे पाटाच्या पाण्याच्या खात्यावर मांडतो.

[दृश्य : पठारावरचा वारा, मग जुनी छायाचित्रे]

अर्जेंटिनाच्या सैन्याच्या मोहिमांनी 1880 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेउएल्चे आणि मापुचे लोकांना या पठारावरून विस्थापित केले. वसाहतीतील काहींनी त्यांच्या बाजूने विनंती केली होती, पण ती व्यर्थ ठरली. 1899 च्या महापुरात खोऱ्यातील मातीची घरे वाहून गेली, आणि 1902 साली दोनशेहून अधिक लोक कॅनडातील सस्कॅचवानकडे निघून गेले.

[दृश्य : अल्फाल्फा घासाची कापणी, पॉप्लरच्या रांगा, चेरीची झाडे]

गव्हाचे दिवस सरल्यावर खोऱ्यात अल्फाल्फा घास, भाजीपाला, दुधाचा व्यवसाय आणि अलीकडे चेरीच्या बागा आल्या. शेतांच्या बांधावरील पॉप्लरच्या उंच रांगा पातागोनियाचा वारा अडवतात, आणि त्याही पाटाच्याच पाण्यावर वाढल्या आहेत. 1963 साली नदीवर फ्लोरेन्तिनो अमेगिनो धरण झाल्यापासून पुराची धास्ती बरीच ओसरली. सखल शेतांत मात्र भूजल वर चढून जमीन खारवते, आणि ते जादा पाणी बाहेर काढण्यासाठी निचऱ्याच्या चाऱ्या मोकळ्या ठेवाव्या लागतात.

[दृश्य : हिवाळ्यात कोरडा पडलेला कालवा, गाळ काढणारे यंत्र]

दर हिवाळ्यात कालव्याचे पाणी बंद केले जाते आणि तळाचा गाळ, गवत व झाडांची मुळे काढली जातात. विसाव्या शतकाच्या मध्याला कालवे सरकारच्या ताब्यात गेले होते. आज त्यांचा कारभार पुन्हा पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्याच कंपनीकडे आहे. साफसफाई आटोपली की वसंताच्या तोंडावर वरच्या अंगाचे दरवाजे उघडतात आणि पाळी ज्याची असेल तो शेतकरी फावडे घेऊन आपल्या चारीवर हजर होतो.