चार टक्क्यांच्या बाहेर

(दृश्य: बुटीबोरी एमआयडीसी. सकाळच्या पाळीची वेळ.)

सकाळची पाळी भरते आहे. दुचाक्या, सायकली, कंपन्यांच्या बसेस. या गर्दीत दिव्यांग कामगार कोण, असं विचारलं तर आपली नजर कुबडी शोधते, व्हीलचेअर शोधते, फार तर पांढरी काठी. नागपुरात ही नजर हमखास चुकते. इथलं एक मोठं अपंगत्व रक्तात असतं आणि चालण्याबोलण्यातून ते कळत नाही. त्याचं नाव सिकलसेल.

विदर्भात ते फार समजावून सांगावं लागत नाही. कोण ‘एएस’, कोण ‘एसएस’, हे लग्नाच्या बोलणीत विचारलं जातं, नाहीतर लपवलं जातं. एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो. एसएस म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस निघण्याची शक्यता चारात एक. रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात आणि दुखणं उठतं. हाडांत, पाठीत, छातीत. थंडीनं उठतं, ताप आला की उठतं, पाणी कमी प्यायलं तरी उठतं. नागपूरचा मे महिना आठवा, म्हणजे पाण्याचा मुद्दा वेगळा सांगायला नको.

(दृश्य: मेडिकल चौक. ओपीडीकडे जाणारी माणसं.)

मध्य भारतातल्या सिकलसेलवर नागपूरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, ते १९५८ साली. आजार तेव्हापासून माहीत आहे. आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांत तो जास्त आढळतो, हेही माहीत आहे. त्याला अपंगत्व म्हणायला मात्र कायद्यानं २०१६ साल उजाडू दिलं.

त्याआधी हे लोक मोजले कसे जात होते? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक. प्रगणकाच्या हातातल्या कागदावर आठ रकाने होते: दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, मानसिक आजार वगैरे. सिकलसेलला रकाना नव्हता. फार तर ‘इतर’. आणि या एका ‘इतर’मध्ये देशभरातून ४९ लाख माणसं जाऊन बसली. एकूण दिव्यांगांपैकी जवळपास पाचवा हिस्सा! त्यांना नेमकं काय झालंय, ते त्या आकड्यावरून कुणालाच सांगता येत नाही.

कामाचा आकडा त्याहून बोलका आहे. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पंधरा वर्षांवरच्या दिव्यांगांपैकी जेमतेम २३ टक्के कुठल्या ना कुठल्या कामात होते. यात शेतीवर राबणारे आले आणि पानठेला चालवणारेही आले. नोकरी हा त्यातला आणखी छोटा भाग.

(दृश्य: अर्ज भरणारे हात. टेबलावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र.)

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल, हे रक्ताचे तिन्ही आजार यादीत आले. सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनाचं चार टक्के झालं. विदर्भासाठी ही मोठी बातमी होती.

पण कलम ३४ नीट वाचावं लागतं. चार टक्क्यांतला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना, एक कर्णबधिरांना, एक अस्थिव्यंग, कुष्ठमुक्त, ॲसिडहल्ल्यातून वाचलेले अशांना. उरलेला एक स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना. चारही टक्के वाटून संपले. रक्ताचा आजार यात कुठेच नाही.

याच कायद्याचं कलम ३२ उच्च शिक्षणाबद्दल आहे. सरकारी आणि अनुदानित संस्थांत किमान पाच टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सवलत. तिथे प्रकार पाहिला जात नाही. अपंगत्व किमान ४० टक्के असलं की झालं. म्हणजे सिकलसेलची मुलगी दिव्यांग कोट्यातून कॉलेजात जाऊ शकते, पदवी घेऊ शकते. मग सरकारी भरतीची जाहिरात निघते. प्रमाणपत्र तेच, टक्का तोच, आणि तिच्यासाठी रकाना नसतो.

‘त्यांना जातीचं आरक्षण आहेच की,’ असं कुणी म्हणेल. नागपुरात म्हणतातच. पण दिव्यांगांचं आरक्षण समांतर असतं, प्रत्येक प्रवर्गातून आडवं जातं. अनुसूचित जातीतल्या अंध उमेदवाराला ते मिळतं. त्याच जातीतल्या सिकलसेलच्या उमेदवाराला मिळत नाही.

आता यातला सगळ्यात कडवट भाग. सिकलसेलमध्ये रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड झिजण्याचं प्रमाण बरंच आहे. माणूस लंगडू लागतो. मग त्याला अस्थिव्यंग म्हणून प्रमाणपत्र मिळू शकतं आणि चार टक्क्यांचं दार त्याला उघडतं. हाड शाबूत होतं, तोवर तो बाहेर होता.

(दृश्य: कारखान्यातली पाण्याची टाकी. हजेरीचं यंत्र.)

कामाच्या जागी अशा माणसाला लागतं तरी काय? हाताशी पाणी आणि ते प्यायला परवानगी. दुखणं उठलं तर बिनबोभाट रजा. भट्टीजवळ किंवा शीतगृहात काम न देणं, जड ओझं न देणं, डिसेंबर-जानेवारीत रात्रपाळी टाळणं. कायदा याला वाजवी सोय म्हणतो. उताराच्या रॅम्पलाही याहून जास्त सिमेंट लागेल.

तरीही मुलाखतीत आजार सांगावा की लपवावा, हा प्रश्न उमेदवारापुढे असतोच. सांगितलं तर नोकरी जाईल ही भीती. लपवलं तर पहिल्याच दुखण्यात ‘दांड्या मारतो’ असा शिक्का बसतो, कारण चार दिवसांनी हाच माणूस ठणठणीत दिसतो.

खासगी कंपनीला चार टक्क्यांचं बंधन नाही. कलम २१ मात्र तिलाही लागू आहे. प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण तयार करायचं, ते शक्यतो वेबसाईटवर, नाहीतर ठळक जागी लावायचं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर दिव्यांगांना देता येतील अशी पदं त्यात लिहायची आणि त्यांच्या भरतीकडे, सोयींकडे पाहणारा संपर्क अधिकारी नेमायचा.

मिहानमधल्या कंपन्या, हिंगण्याचे वर्कशॉप, बर्डीवरची मोठी दुकानं, यांतली बरीचशी या वीसच्या अटीत बसतात. या धोरणाला कलम ३४ ची चार टक्क्यांची विभागणी लागू होत नाही. ते दिव्यांग व्यक्तींसाठी आहे, आणि कायद्याच्या एकवीस प्रकारांत सिकलसेल आहे. आपल्या कंपनीचं धोरण कुठे लावलंय, हे तिथला कुठलाही कामगार एचआरला विचारू शकतो. त्यासाठी स्वतःचा आजार सांगावा लागत नाही.