तापलेलं पाणी, गढूळ पाणी

मंडळी, पुण्यात समुद्रगवतावर व्याख्यान म्हटल्यावर काहींनी भुवया उंचावल्या. पण हिंदी महासागर किती तापतोय याचा हिशोब इथेच, पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मांडला जातो. तिथले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकारी सांगतात, 1970 ते 2000 या काळात सागरी उष्णतेच्या लाटेचे दिवस वर्षाला सरासरी 20 होते. शतकाअखेर ते 220 ते 250 होतील असा अंदाज आहे. याला लाट तरी कसं म्हणायचं?

समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात आणि परागण चक्क पाण्याखाली होतं. पाल्कचा उपसागर, मन्नारचं आखात, लक्षद्वीप, अंदमान इथे त्याची कुरणं आहेत. कोकणातल्या खाड्यांच्या चिखलातही हॅलोफिला बेकारी नावाचं चिमुकल्या पानांचं गवत उगवतं. ओहोटीला त्यावर पाय पडला तरी कळणार नाही.

आता हे गवत उष्णतेनं मरतं कसं ते बघा. चिखलात, मुळांच्या आसपास, जीवाणू सल्फाइड तयार करत असतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तेच. दिवसा पानं ऑक्सिजन बनवून मुळांपर्यंत पोचवतात, त्यामुळे हे विष बाहेरच राहतं. रात्री मात्र सगळी भिस्त पाण्यातल्या ऑक्सिजनवर. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि नेमका तेव्हाच झाडाचा श्वसनाचा खर्च वाढलेला असतो. मग सल्फाइड मुळांतून आत शिरतं आणि पानाच्या बुडाशी, जिथून नवी वाढ होते, तिथेच घाव घालतं.

हा वाढलेला खर्च भागवायला झाडाला उजेड जास्त लागतो. पाणी गढूळ असेल तर तो आणायचा कुठून? ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये 2010-11च्या उन्हाळ्यात हेच झालं. पाणी नेहमीपेक्षा 2 ते 4 अंशांनी तापलेलं, त्यातच नद्यांना पूर येऊन गाळ आलेला. एक तृतीयांशाहून जास्त कुरणांची हानी झाली. बातम्यांत मात्र फक्त उष्णतेचं नाव झालं.

माझा मुद्दा एवढाच आहे: समुद्राचं तापमान एखाद्या जिल्ह्याच्या हातात नसतं, गढूळपणा बऱ्याच अंशी असतो. तमिळनाडूनं 2022 मध्ये पाल्कच्या उपसागरात डुगाँगसाठी, म्हणजे समुद्रगवत चरणाऱ्या सस्तन प्राण्यासाठी, 448 चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं. चांगलंच केलं. पण नुसती नकाशावर रेघ ओढून गाळ थांबत नाही. तो जमिनीवरून येतो.

पुण्याचं पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जातं, त्यामुळे कोकणच्या खाड्यांशी आपला काय संबंध, असं वाटेल. पण कोकणात प्लॉट घेऊन डोंगरउतार सपाट करणारे पुणेकर थोडे नाहीत. (हशा) हसू नका, या सभागृहातही असतील. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत ती मोकळी तांबडी माती थेट खाडीत उतरते. सपाटीकरण करायचंच असेल तर दिवाळीनंतर करा, आणि पावसाआधी उतारावर गवत धरलंय ना, हे स्वतः जाऊन बघा.